बॉक्सिंग सुटलं, पाणी भेटलं

मुरलीकांत पेटकर मूळचे बॉक्सर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा सैन्याच्या ईएमई दलात भरती झाला आणि तिथे त्याच्या ठोशाला धार आली. १९६५च्या पाकिस्तान युद्धात त्याला एकामागून एक गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. वय अवघं वीस.

पुढचं समजून घ्यायला इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयाकडे वळावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली तिथे विभाग उभारला. अशा रुग्णांच्या नशिबी तोवर बहुधा खाटच असे. गुटमान यांनी खेळालाच औषध मानलं. १९४८मध्ये, ज्या दिवशी लंडन ऑलिंपिकचं उद्‌घाटन झालं त्याच दिवशी, त्यांनी १६ जखमींची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथलं. म्हणजे हा क्रीडासोहळाच मुळात युद्धाच्या जखमांतून उगवलेला.

पेटकरांनाही उपचार म्हणूनच पाण्यात उतरवलं गेलं. पाणी अंगाचं वजन पेलतं, निकामी पायांचा भार जाणवू देत नाही. पण शर्यत ही निराळी गोष्ट. आमच्या वालूर गावाकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उतरतात, तेव्हा आधी पाय मारायला शिकतात. पाय हलले नाहीत की कंबर खाली जाते आणि पाणीच आडवं येतं. पेटकरांना तो अडथळा निव्वळ हातांच्या बळावर कापायचा होता. बॉक्सिंगनं घडवलेले खांदे तिथे कामी आले असणार, असं मला मनापासून वाटतं.

१९७२, हायडेलबर्ग. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रमासह सुवर्ण. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक. ऑलिंपिकमधल्या वैयक्तिक सुवर्णासाठी देशाला २००८ साली अभिनव बिंद्राची वाट पाहावी लागली.

आणि पेटकरांना देशाची वाट पाहावी लागली. पद्मश्री मिळाली २०१८मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट २०२४चा. त्यानंतर कुठे हे नाव घरोघरी पोचलं. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५मध्ये हाती आला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. युद्धात जखमी झालेल्या सैनिकाच्या बाबतीत एवढा उशीर मला क्षम्य वाटत नाही.