धूर, गंज आणि आप्तवाक्य : जुनी गोल्फ जीटीआय विकत घेताना

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यानंतर एका श्रोत्याने आम्हाला विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण बाजारात उभं राहिल्यावर याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण खरोखरच बाजारात जाऊ. चाळीस वर्षांची जुनी मोटार विकत घ्यायची आहे, तर काय तपासायचं, हा आजचा विषय.

तुम्ही हसाल. आम्ही पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि स्वतः जन्मभर स्कूटर चालवली. पण या विषयात आम्ही एकदा सपशेल नापास झालो आहोत, आणि नापास झालेल्या मास्तराला तो धडा जरा जास्त पाठ असतो.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची गोल्फ ही साधी, कुटुंबाची छोटी गाडी. मागचं दार काचेसकट वर उघडतं, म्हणून हॅचबॅक. कंपनीतल्या काही हौशी मंडळींनी तिला ताकदीचं इंजिन बसवलं आणि १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे मांडली. १९७६ पासून ती विक्रीला आली. नाव गोल्फ जीटीआय. १५८८ सीसीचं इंजिन, ११० अश्वशक्ती, आणि वजन साधारण ८१० किलो. हलकी गाडी आणि जोरदार इंजिन, त्यामुळे महागड्या स्पोर्ट्स गाड्यांना घाम फोडणारी. कंपनीचा अंदाज होता की फार तर पाच हजार खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. अशा गाड्यांना पुढे 'हॉट हॅचबॅक' असं नाव पडलं. १९८२ च्या सुमारास तिला १७८१ सीसीचं इंजिन आलं. आज या गाड्या इंग्लंड-जर्मनीत जुन्या दागिन्यासारख्या विकल्या जातात.

आता आमची गोष्ट. आमचा भाचा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो. काही वर्षांपूर्वी आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. लहानपणी भिंतीवर ज्या गाडीचं चित्र लावलं होतं ती त्याला एकदाची घ्यायची होती. घराच्या डागडुजीसाठी साठवलेले पैसे त्याने या कामी काढले. १९८३ ची जीटीआय, लाल रंग, लखलखीत. मालक गृहस्थ सज्जन, चहा देणारे. भाच्याने आमच्याकडे बघून विचारलं, "मामा, काय वाटतं?" आणि आम्ही म्हणालो, "घे रे, छान आहे."

त्या 'छान आहे'चा हिशोब पुढच्या वार्षिक तपासणीत निघाला. तो सांगूच. आधी प्रमाणं घेऊ.

पहिलं प्रत्यक्ष. प्रत्यक्ष म्हणजे नुसतं डोळ्यांनी दिसणं नव्हे. इंद्रियाचा वस्तूशी खरा संबंध यावा लागतो. चमकणारा रंग बघताना आपण रंग बघत असतो, पत्रा बघत नसतो. आणि या गाडीचा जीव पत्र्यात आहे. इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. गिअरबॉक्स बदलता येतो. पण गाडीचा सांगाडाच गंजला, तर बाकी सगळं कशाला जोडायचं?

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी गंज, मग इंजिन, सगळ्यात शेवटी रंग आणि सीट. दारांखालची जी पोकळ पट्टी असते, आपण तिला गाडीचा उंबरा म्हणू, ती आणि जॅक लावायच्या जागा बोटांनी दाबून बघा. पुढच्या काचेचे खालचे कोपरे बघा. तिथून पाणी आत झिरपतं, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सपर्यंत पोचतं, आणि मग दिवे आपल्या मर्जीने लागतात. पायाखालचं मॅटिंग उचला, हात लावा, ओल आहे का ते बघा. मागचं स्टेपनीचं झाकण उचला. बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोक जिथे पत्र्याला बसतात ती जागा बघा. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे असं समजा. आणि गाडीखाली काळं डांबरी लेपन नवं कोरं दिसलं, तर खूश होऊ नका. ते कशावर लावलंय, असा प्रश्न विचारा.

या गाडीची एक खास खोड सांगतो. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी नळी मागच्या चाकाजवळून जाते. ती आतून-बाहेरून गंजते. गंजाचे पापुद्रे टाकीत पडतात, तिथून पेट्रोलबरोबर पुढे जातात. या गाडीत बॉश कंपनीची के-जेट्रॉनिक नावाची यांत्रिक इंजेक्शन पद्धत आहे, तिची छिद्रं फार बारीक. ती तुंबली की गाडी आचके देते आणि लोक महिनोन् महिने इंजिनात दोष शोधत बसतात. म्हणून बॅटरी घेऊन चाकाच्या कमानीत वाकून ती नळी बघायचीच. गुडघे मळले तरी चालतील.

दुसरं अनुमान. इथे तर न्यायशास्त्राचं लाडकं उदाहरणच गाडीला लागलेलं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आपल्याकडे डोंगराऐवजी सायलेन्सर. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. गाडी सुरू करताना, किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा लोट आला, तर बहुधा व्हॉल्व्हची ऑइल सील गेली आहेत, तो तुलनेने छोटा खर्च. जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तो मोठा खर्च. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. पांढरा धूर थांबतच नसेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असावं.

पण थांबा. इंग्लंडमधल्या थंड सकाळी प्रत्येकच गाडीतून पांढरी वाफ निघते. ती पाच-दहा मिनिटांत थांबते. तिला बघून 'हेड गॅस्केट गेलं' म्हणणं हा हेत्वाभास झाला. आपल्या शास्त्रकारांनी ओल्या सरपणाची उपाधी सांगितली ती हीच. धूर केवळ अग्नीमुळे होत नाही, सरपण ओलं असावं लागतं. तसं इथे हवामान मध्ये येतं.

आणि उलटी बाजूही लक्षात ठेवा. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर दिसला नाही म्हणजे दोष नाही, असं होत नाही. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधी इंजिन तापवून ठेवलं असेल, तर सुरू करतानाचा धूर, खडखड, सुरू व्हायला लागणारा वेळ, सगळं झाकलं जातं. म्हणून गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर चहा घ्या, गप्पा मारा, गार होऊ द्या. नंतर वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. के-जेट्रॉनिकमध्ये पेट्रोलचा दाब टिकला नाही, तर गरम इंजिन लवकर सुरू होत नाही. ही परीक्षा फुकट आहे, फक्त धीर लागतो.

किलोमीटरचा, तिकडे मैलांचा, आकडा कमी आहे म्हणून गाडी कमी झिजली, हेही असंच फसवं अनुमान. आकडा फिरवता येतो, मीटर बदलता येतं. पेडलांचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हरच्या सीटची कड, यांची साक्ष आकड्याशी जुळते का ते बघा. आणि चाळीस वर्षांत खरोखरच फार कमी चाललेली गाडी असेल, तर ती उभी राहून खराब झालेली असू शकते. रबरी नळ्या वाळतात, पेट्रोल टाकीत शिळं होतं.

तिसरं उपमान. शास्त्रातला अर्थ इथे आपण थोडा ताणतो आहोत, ते मान्य. गवय गाईसारखा असतो हे ऐकलेल्या माणसाला रानात गवय ओळखता येतो, पण त्याने आधी गाय तरी बघितलेली हवी. एकच गाडी बघून घेणारा माणूस गाय न बघता गवय शोधत असतो. उदाहरण ब्रेकचं. ही गाडी मुळात डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी घडवली. इंग्लंडसाठी स्टिअरिंग आणि पेडल उजवीकडे आणलं, पण ब्रेकची मुख्य यंत्रणा डावीकडेच राहिली. मधे आडवा दांडा घातला. त्यामुळे इंग्लंडमधल्या या गाड्यांचा ब्रेक पेडलला मऊ, लिबलिबीत लागतोच. आता तुमच्या पायाला लागणारा मऊपणा हा गाडीचा स्वभाव की बिघाड, हे एका गाडीवरून कसं ठरवणार? दोन-तीन गाड्या चालवूनच ते कळतं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना होणारी खरखर, इंजिनचा आवाज, स्टिअरिंगचा जडपणा, सगळ्यांचं तसंच आहे. आम्ही आणि भाच्याने एकच गाडी बघितली होती.

चौथं शब्द. म्हणजे सांगणाऱ्याचं वचन. ते प्रमाण कधी? सांगणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे ज्याला वस्तू नीट माहीत आहे आणि जो तशीच सांगतो. दोन्ही अटी हव्यात. त्या चहा देणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला फसवलं असं आजही वाटत नाही. त्यांनाच माहीत नव्हतं. सज्जन होते, पण आप्त नव्हते.

म्हणून कागद बघा. नोंदणीचं पुस्तक, ज्याला तिकडे व्ही-फाइव्ह-सी म्हणतात, ते नोंदणी कोणाच्या नावावर आहे एवढंच सांगतं, मालकी सिद्ध करत नाही. हे त्या कागदावरच छापलेलं असतं. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची किंवा अपघातात विम्याने निकालात काढलेली आहे का, हे थोडे पैसे भरून तपासता येतं. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. १५८८ सीसीच्या मूळ इंजिनाच्या नंबराआधी ईजी ही अक्षरं असतात, १७८१ सीसीच्या इंजिनाला डीएक्स. साध्या गोल्फला जीटीआयचं रूप देऊन विकणारेही असतात. इथे नागसेन आणि मिलिंद राजाचा रथ आठवतो. चाकं म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? तत्त्वज्ञानात तो प्रश्न खुला राहिला तरी चालेल, पैसे मोजताना मात्र उत्तर हवं. बदललेलं इंजिन हा गुन्हा नाही, न सांगता बदललेलं असेल तर किंमत वेगळी.

आणि आता हिशोब. इंग्लंडमध्ये एमओटी नावाची वार्षिक तपासणी असते. २००५ पासूनचे तिचे निकाल सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कोणालाही फुकट बघता येतात. पास, नापास, मैलांचा आकडा, आणि तपासनिसाने दिलेल्या सूचनासुद्धा. आमच्या भाच्याच्या गाडीबद्दल लागोपाठ तीन वर्षं लिहिलेलं होतं, उंबऱ्याला गंज सुरू झाला आहे. चौथ्या वर्षी ती सूचना नाही. गंज गेला नव्हता, त्यावर लेपन चढलं होतं. त्याने घेतल्यानंतरच्या तपासणीत लेपन निखळलं, मागे बोट जाईल एवढं भोक. दोन्ही उंबरे, जमिनीचा काही भाग. खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. घराची डागडुजी दोन वर्षं लांबली.

पाच मिनिटांचं वाचन होतं ते. आणि ते न वाचता ज्याने 'घे' म्हटलं तो प्रमाणशास्त्राचा प्राध्यापक. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. आम्ही त्याचे आप्त होतो, पण न्यायशास्त्राच्या अर्थाने आप्त नव्हतो. आम्हाला वस्तू माहीत नव्हती. खरं तर पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद मोडवला नाही, म्हणून आम्ही होकार दिला. मन कुठे ओढ घेतंय हे आधी तपासलं नाही, तर चारही प्रमाणं खिशात राहतात. म्हणून अशा खरेदीला जाताना गाडीवर प्रेम नसलेला एक जाणकार बरोबर न्यावा, आणि पहिल्या दिवशी पैसे घेऊन जाऊ नये.

एक सावधगिरी आणखी. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही. म्हणजे आज पहिल्या पिढीच्या बहुतेक जीटीआय कोणी न तपासता रस्त्यावर असू शकतात. कायदा मागत नसला तरी विकणाऱ्याला म्हणा, आधी तपासणी करून आणू, खर्च आम्ही देतो. तो नको म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे. शिवाय २०२१ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. नळ्या कधी बदलल्या, तेही विचारा.

शेवटी काय झालं, असं कोणी विचारेलच. भाच्याने गाडी दुरुस्त केली, तीन वर्षं चालवली आणि मग विकली. विकताना उघड्या पडलेल्या उंबऱ्यांचे, भोकांचे, नव्या वेल्डिंगचे सगळे फोटो आणि पावत्या घेणाऱ्यापुढे मांडल्या. आम्ही फोनवर म्हटलं, "अरे, एवढं दाखवलंस तर किंमत पडेल." तो म्हणाला, "पडू दे मामा. मला असं कोणी दाखवलं असतं तर?"

किंमत थोडी पडलीच. पण त्या व्यवहारात विकणारा आप्त होता, आणि तो आमच्याकडून शिकला असं म्हणायची आमची हिंमत नाही.

पुढच्या वेळी आपण हेत्वाभासांचे प्रकार सविस्तर बघू.