कॉलेजचा पसंतीक्रम आणि उसाचं बिल

जून-जुलैमध्ये आम्ही आडसाली लागणीच्या नोंदी घ्यायला गावोगाव फिरतो. बेणं आणि सरीचं बोलणं झालं की चहा घेता घेता हमखास प्रश्न येतो, "साहेब, पोराला एवढे पर्सेंटाईल पडले, कुठं लागंल?" ऊस विकास विभागाचा हा विषय नव्हे, हे खरं. पण कॉलेजची फी शेवटी उसाच्या बिलातूनच जाते, म्हणून यंदा त्यावर चार शब्द.

आधी पर्सेंटाईल समजून घेऊ. हे टक्के नव्हेत. ९५ पर्सेंटाईल म्हणजे शंभरात ९५ गुण नव्हे, तर शंभर मुलांपैकी साधारण ९५ मुलं मागं. परीक्षेला तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर ९५ वाल्याच्या पुढं पंधरा हजार मुलं उभी असतात आणि ९९ वाल्याच्या पुढं तीन हजार. वरच्या टोकाला एकेक पर्सेंटाईल म्हणजे तीन-तीन हजारांची रांग! "चारच पर्सेंटाईल कमी आहेत, लागून जाईल" ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. मागच्या वर्षीचे कटऑफ पाहताना पर्सेंटाईलबरोबर मेरिट क्रमांकही पाहावा. तो कॉलेजवार, शाखावार आणि आपल्या प्रवर्गाचा पाहावा. नुसतं "वालचंदचा कटऑफ" असं काही नसतं. कॉम्प्युटरचा वेगळा, सिव्हिलचा वेगळा.

आपला भाग या बाबतीत नशीबवान आहे. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज धोंडुमामा साठ्यांनी १९४७ साली उभं केलं, तेच पुढं वालचंद कॉलेज झालं. कराडचं शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. तरी त्या काळी जागा मोजक्याच. ज्याची ऐपत होती तो देणगी मोजून कर्नाटकात पोरगा पाठवायचा. १९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि साखराळ्यासारख्या ठिकाणी, अगदी उसाच्या शिवारात, इंजिनिअरिंग कॉलेज आलं. देणगीला बंदी करणारा कायदाही १९८७ चा आहे. तरीसुद्धा "अमुक लाख द्या, सीट माझी जबाबदारी" म्हणणारे एजंट अजून गावात येतात. अशा माणसाला चहा पाजावा आणि वाटेला लावावं. कॅपच्या जागा गुणवत्तेच्या यादीनंच भरतात, त्यात कुणाचा वशिला चालत नाही.

खरी मेख पसंतीक्रमात आहे. २०२५-२६ च्या प्रवेशापासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तसंच. नाकारलं की पुढच्या फेऱ्यांतून बाद. आता काही पालक करतात काय, तर "नंतर बदलू" म्हणून घराजवळचं, हमखास मिळणारं कॉलेज वर टाकतात. ते पहिल्याच फटक्यात मिळतं आणि पोरगी तिथंच अडकते. उलट काही जण तीनशेपर्यंत पर्याय देण्याची मुभा असताना पाचच नामांकित नावं लिहून मोकळे होतात आणि हाती काही लागत नाही. आमच्या मते, जे मनापासून हवं ते वर लिहावं, मग ते अवघड का असेना, कारण वर लिहिल्यानं खालची संधी बुडत नाही. मधे आपल्या क्रमांकाच्या आसपासची कॉलेजं घ्यावीत. तळाला खात्रीची, पण जिथं खरोखर जायची तयारी आहे अशीच. मात्र नियम दरवर्षी माहितीपुस्तिकेत बघून घ्यावा, शेजाऱ्याच्या पोराच्या वेळचा धरू नये.

आता खर्च, टनात मोजू. हिशेबापुरतं एकरी ४० टन आणि निव्वळ ३,००० रुपये दर धरा. एक लाख वीस हजार आले. खत, पाणी, मशागत, मजुरी ६५ हजार गेली तर राहतात ५५ हजार. फी एक लाख आणि पुण्यातलं राहणं-जेवण नव्वद हजार धरलं, तर वर्षाला साडेतीन एकराची शिल्लक एका पोरामागं गेली, तीही चार वर्षं. तीच फी सांगलीत किंवा कराडात एस.टी.च्या पासावर जाऊन भरली, तर दोन एकरात भागतं. शाखा तीच मिळत असेल तर केवळ "पुणे" या नावासाठी दीड एकर जादा घालायचा का, हे घरात बसून ठरवावं. आडसाली ऊस दीड वर्षानं पैसे देतो, फी मात्र दरवर्षी येते, हेही विसरू नये. शिवाय फी भरायची वेळ जुलै-ऑगस्टची, म्हणजे गाळप बंद, बिलं संपलेली आणि लागणीचा खर्च अंगावर. म्हणून मार्चच्या बिलातूनच रक्कम बाजूला काढलेली बरी. नाहीतर सावकाराचं दार आहेच. त्यापेक्षा बँकेचं शैक्षणिक कर्ज बरं, त्याचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात.

सवलतींकडे मात्र आपले सभासद फार दुर्लक्ष करतात. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शुल्क मिळतं. अल्पभूधारकाच्या मुलांना वसतिगृह खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. याशिवाय प्रत्येक शाखेत ५ टक्के जागा शुल्क माफीच्या असतात. त्यांचा कोड वेगळा असतो, तो अर्जात स्वतंत्र लिहावा लागतो आणि कटऑफही चढा जातो. पण शुल्काच्या या सवलती कॅपमधून लागलेल्यांनाच. व्यवस्थापन कोट्यात गेलात की संपलं. अभिमत आणि खाजगी विद्यापीठात मुलींची फी-माफी चालत नाही, तेव्हा जुनं ओळखीचं कॉलेज आता विद्यापीठ झालंय का, ते आधी विचारावं. मेडिकलचं तर बोलायलाच नको. अनेक अभिमत कॉलेजांची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढं आहे, म्हणजे शेत विकूनच भरायची.

आणखी एक वाट आपल्याकडं कमी लेखली जाते. दहावीच्या गुणांवर कराड किंवा मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करायचा आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचं. सीईटी नाही, क्लासची दोन वर्षांची फी नाही. आणि डिग्रीला जमलं नाही तरी हातात तीन वर्षांचा धंदा राहतो.

कागदपत्रांची घाई शेवटच्या आठवड्यात करू नये. जातपडताळणीचा अर्ज अकरावीतच घालावा, नॉन-क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर नवा काढावा. भत्त्यासाठी आठ-अ चा उतारा लागेल. मागच्या वर्षीच्या कटऑफ याद्या गट कार्यालयात लावल्या आहेत. मुला-मुलीलाही बरोबर आणावं, आणि पसंतीक्रम कायम करण्याच्या आधी यावं.