खो-खोच्या मैदानावरील न खेळणारे अधिकारी

खो-खोच्या सामन्यात प्रेक्षकांचे लक्ष धावणाऱ्या खेळाडूंकडे असते. परंतु सामन्याचा निकाल उभय संघांस मान्य व्हावयाचा, तर न खेळणाऱ्या पाच अधिकाऱ्यांचे काम चोख असावे लागते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळास नियमांची चौकट दिली. त्या नियमांची अंमलबजावणी दोन पंच, एक सरपंच, एक वेळाधिकारी व एक गुणलेखक यांच्याकडे असते.

बिदर जिल्ह्यातील हुलसूर हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव असून तेथे कन्नड व मराठी या दोन्ही भाषा बोलल्या जातात. अशा भागात दोन गावांचे संघ समोरासमोर आले, की पंच कोणत्या गावचा, हा प्रश्न प्रथम निघू शकतो. प्रत्येकाच्या कामाची हद्द स्पष्ट असल्यास अशा शंकेस वाव उरत नाही.

पंच : मधल्या पाटीमुळे मैदानाचे दोन भाग होतात. प्रत्येक पंच आपापल्या भागातील निर्णय देतो व दुसऱ्यास साहाय्य करतो. खो पाठीमागून व स्पष्ट उच्चारून दिला काय, पाठलाग करणाऱ्याने दिशा बदलली काय, गडी नेमका केव्हा बाद झाला, हे क्षणार्धात ठरवावे लागते.

सरपंच : पंचांमध्ये मतभेद झाल्यास सरपंचाचा निर्णय अंतिम असतो. हेतुपुरस्सर अडथळा आणणाऱ्या अथवा गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूस शिक्षा करण्याचा अधिकारही त्याचाच.

वेळाधिकारी : डावाचा आरंभ व शेवट तो शिट्टीने जाहीर करतो. अखेरच्या क्षणी गडी बाद झाला, तर तो गुण धरावयाचा किंवा नाही, हे त्याच्या घड्याळावर अवलंबून असते.

गुणलेखक : संरक्षक तिघा-तिघांच्या तुकडीने ठरलेल्या क्रमाने मैदानात उतरतात. हा क्रम पाळला जातो किंवा नाही, हे पाहणे, बाद गड्यांची नोंद करून त्यांना नेमून दिलेल्या जागी बसविणे आणि गुणपत्रक पूर्ण करणे, ही त्याची कामे होत. येथे एक नोंद चुकली, तर दोन्ही डावांतील श्रम वाया जाऊ शकतात.

शाळांनी सामन्यापूर्वी केवळ फक्की मारून मैदान आखणे पुरेसे नाही. ही पाच कामे शिक्षकांस व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस शिकविणेही तितकेच आवश्यक आहे. निकाल विरुद्ध गेला तरी पराभूत संघ तक्रार न करता परतला, तर या अधिकाऱ्यांचे काम यशस्वी झाले, असे समजावे.