मात्रेचा आकडा आणि वेदनेचा हिशेब

शेजारच्या दोन खाटांवर शस्त्रक्रिया झालेले दोन रुग्ण आहेत. एकाने दिवसभरात वेदनाशामकाच्या चार गोळ्या घेतल्या, दुसऱ्याला एकच इंजेक्शन दिले. जास्त औषध कोणाला लागले? प्रश्न साधा वाटतो, पण गोळी आणि इंजेक्शन यांची सरळ तुलना होत नाही.

रॉजर उलरिख यांनी 1984 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी नोंदींवरून जुळवल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत भिंतीकडच्या रुग्णांना तीव्र वेदनाशामकाच्या सरासरी 2.48 मात्रा लागल्या, झाडांकडच्यांना 0.96. अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉलसारख्या सौम्य औषधांत चित्र उलटे होते : 2.57 आणि 5.39. सगळ्या मात्रा नुसत्या मोजल्या असत्या, तर दोन्ही गट जवळजवळ सारखेच दिसले असते. औषधांची तीव्रतेनुसार विभागणी केली म्हणून फरक उमगला.

अफूवर्गीय औषधांसाठी याहून बारीक मोजपट्टी आहे. प्रत्येक औषधाचे रूपांतर तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनच्या मिलिग्रॅममध्ये करतात. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचा बराच भाग यकृतात निकामी होतो, म्हणून 10 मिलिग्रॅमचे इंजेक्शन साधारणपणे 30 मिलिग्रॅमच्या गोळीइतके धरतात. ही मोजपट्टीही अचल नाही. अमेरिकी शासकीय मार्गदर्शनात 100 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आधी 10 मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीचे मानले जाई; 2022 पासून ते 20 मानले जाते. रुग्ण तोच, गोळी तीच. कागदावरचा आकडा मात्र दुप्पट! म्हणून दोन अभ्यासांची तुलना करण्याआधी दोघांनी कोणता गुणक वापरला, हे पाहावे लागते.

गुणक अचूक मिळाला, तरी त्यातून वेदना मोजली गेली असे म्हणता येईल का? दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमींवर उपचार करणारे डॉ. हेन्री बीचर यांना याचा विलक्षण अनुभव आला. 1956 साली त्यांनी जखमी सैनिकांची तुलना शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी केली. तीव्र वेदनाशामक हवे असे म्हणणारे सैनिक 32 टक्के होते, नागरिक 83 टक्के. बीचर यांच्या मते सैनिकाच्या लेखी जखम ही रणांगणातून सुटका होती, तर नागरिकाच्या लेखी शस्त्रक्रिया हे संकट होते. म्हणजे औषधाच्या मागणीत शरीराच्या दुखण्याबरोबर त्या दुखण्याचा अर्थही मिसळलेला असतो.

मागणी आणि पुरवठा यांतही अंतर असते. रुग्णाने स्वतः कळ दाबून औषध घ्यायच्या पंपात दोन्ही आकडे वेगळे नोंदले जातात : कळ किती वेळा दाबली आणि औषध किती वेळा मिळाले. वॉर्डातल्या कागदावर बहुधा दुसराच आकडा उतरतो. ‘सोसवेल’ म्हणून गप्प राहिलेली आजी त्या कागदावर वेदनामुक्त ठरते.

हीच गफलत देशाच्या पातळीवर केली, तर तिची किंमत फार मोठी आहे. वेदनोपशमनावरील ‘लॅन्सेट’ आयोगाने 2017 साली दिलेल्या हिशेबानुसार, उपशामक उपचारांची गरज असलेल्या रुग्णामागे भारतात वर्षाला मॉर्फिनच्या तुल्य सुमारे 43 मिलिग्रॅम औषध पोहोचत होते. गरजेच्या तुलनेत ते जेमतेम 4 टक्के. अमेरिकेत हा आकडा 55 हजारांवर होता, आणि तिथे अतिवापराने माणसे मरत होती. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळाने मॉर्फिन दुर्मीळ झाले. 2014 साली कायदा सुधारला, तरी रुग्णापर्यंतची वाट लांबच राहिली.

43 मिलिग्रॅम हा आकडा वाचून भारतीयांना वेदना कमी होतात, असे कोणी म्हणणार नाही. खाटेवरच्या एकट्या रुग्णाबाबत मात्र आपण तसे सहज म्हणून जातो. औषध कमी लागले की कमी मिळाले, हे त्या खाटेपाशी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.