उघडा पिंजरा आणि गोंदलेला आकडा

मागच्या व्याख्यानात आपण खूण आणि प्रतीक यांतला फरक पाहिला. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, थेट कातडीवरचं.

परवा नातीबरोबर आम्ही टॅटूच्या दुकानात गेलो होतो. (नुसते बघायला, काळजी नसावी.) तिने निवडलेलं चित्र होतं दार उघडा पिंजरा आणि बाहेर झेपावलेला पक्षी. आम्ही गोंदणाऱ्या मुलाला विचारलं, पक्षी सुटलाय ना, मग पिंजरा कशाला काढतोस? तो म्हणाला, "सर, पिंजरा नसला तर तो नुसता पक्षी होईल."

आयझाया बर्लिन यांनी १९५८ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन कल्पना मांडल्या. त्यातली एक म्हणजे अडथळ्याचा अभाव. ही कल्पना चित्रात दाखवायची तर आधी अडथळा काढावाच लागतो. तुटलेल्या बेडीचंही तेच. पक्षी सुटून कुठे निघालाय, त्याने काय करायचं ठरवलंय, हा झाला दुसऱ्या कल्पनेचा प्रश्न, आणि त्यावर हे चित्र गप्प असतं.

आता उलट बाजू बघा. ज्यांना खरोखरच गोंदून कैदी केलं, त्यांच्या अंगावर पिंजरा नव्हता. १७९७ पासून कंपनी सरकारच्या बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा आणि शिक्षा गोंदत. त्याला 'गोदना' म्हणत. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली, पण कपाळ काही कोरं झालं नाही. लोक ते पागोट्याखाली झाकत. ऑश्विट्झमध्ये डाव्या हातावर आकडा. तुरुंगवाल्याला प्रतीक नकोच असतं, त्याला नोंद हवी असते.

मग सगळं सुई कोणाच्या इच्छेने चालली यावर ठरतं का? इतकं सोपं नाही. आपल्याकडे आजीच्या कपाळावरचं गोंदण तिला न विचारताच, लहानपणी केलेलं असे. तरी म्हातारपणी ती ते कौतुकाने दाखवायची. न निवडलेली गोष्टही माणूस पुढे आपली म्हणू शकतो.

प्रीमो लेवी यांचं उदाहरण याहून कठीण आहे. इटलीतले हे रसायनशास्त्रज्ञ आणि लेखक १९४४ मध्ये ऑश्विट्झला नेले गेले. हातावर १७४५१७ गोंदला गेला. सुटकेनंतर लोक विचारत, पुसून का टाकत नाही? त्यांचं म्हणणं, ही साक्ष वागवणारे जगात फारसे उरलेले नाहीत. कौतुक नव्हतंच तिथे, आणि लपवणंही नव्हतं. तूरिनमधल्या त्यांच्या थडग्यावर नाव आणि वर्षांबरोबर तो आकडाही कोरलेला आहे.

अलीकडे अशा काही वाचलेल्यांच्या नातवंडांनी आजोबांचा, आजीचा आकडा स्वतःच्या हातावर गोंदवून घेतला. सगळ्यांना ते रुचलेलं नाही. आम्हालाही प्रथम धक्काच बसला. आकडा तोच, हातही कधी कधी तोच डावा; फक्त या वेळी नातू स्वतःहून बाही वर सरकवून बसला होता.