तराजू हाती धरताना

मैत्रिणींनो, कोर्टातली खुर्ची आपल्यापैकी कितीजणींच्या वाट्याला येते? पण निवाडे मात्र आपण दिवसभर करतच असतो. मुलांच्या भांडणात आगळीक कोणाची, डब्यातले पैसे कोणी घेतले, शेजारच्या सुनेचं माहेरी जाणं बरोबर की चूक! भाजी निवडता निवडता निकालही देऊन टाकतो.

न्याय आणि दया यांबद्दल बायबलमध्ये पुष्कळ सांगितलं आहे. साध्यासुध्या बायकांनाही ते वाचता यावं म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्याचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. आपला धर्म कोणताही असो, त्यातलं हे थोडं ऐकण्याजोगं आहे.

जुन्या करारातल्या 'लेवीय' या पुस्तकात, १९ व्या अध्यायात, न्याय करताना बड्या माणसाची भीड धरू नका असं बजावलं आहे. ते तर आपणही म्हणतो. पण त्याच जागी, गरीब आहे एवढ्याचसाठी गरिबाची बाजूही घेऊ नका, असं सांगितलं आहे. कीव आली म्हणून पारडं झुकवायचं नाही! 'अनुवाद' या पुस्तकात तर एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये, दोन-तीन साक्षी हव्यात, असा नियम आहे. कामवाल्या बाईवर आळ घेताना आपण किती साक्षी तपासतो हो? तिचं मात्र एका शब्दापायी काम जातं, आणि चार घरी नाव खराब होतं ते वेगळंच.

मग दयेचं काय? योहानाच्या शुभवर्तमानात ८ व्या अध्यायात एक प्रसंग आहे. व्यभिचारात सापडलेल्या एका स्त्रीला शास्त्री आणि परुशी येशूपुढे उभी करतात. मोशेच्या नियमाप्रमाणे हिला दगडांनी मारायचं, तुमचं काय म्हणणं, असं विचारतात. आता गंमत पाहा. तो नियम स्त्री आणि पुरुष दोघांनाही शिक्षा सांगतो. पण पुरुषाला कोणी आणलेलंच नाही! न्यायाचा तराजू इथेच वाकडा झाला. तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड उचलावा, असं येशू सुचवतो, तेव्हा वडीलधाऱ्यांपासून एकेकजण काढता पाय घेतो. शेवटी येशूही तिला शिक्षा सुनावत नाही. पण तिची चूक ही चूक नव्हतीच, असंही म्हणत नाही. पुन्हा असं करू नकोस, एवढं सांगून तिला जाऊ देतो.

मला वाटतं, सगळं मर्म इथे आहे. दया म्हणजे दोषावर पांघरूण घालणं नव्हे. दोष ओळखायचा, पण माणसाला उठून उभं राहायला वाट ठेवायची.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला दाखला असाच. एका चाकराचं १०,००० तलांतांचं कर्ज राजा माफ करतो. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिवसांची मजुरी. कर्ज सात जन्मांत फिटणारं नव्हतंच! आणि तोच चाकर बाहेर पडून, १०० दिवसांच्या मजुरीएवढ्या पैशांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाला कळताच त्याची माफी रद्द होते. आपल्याला मिळालेली माफी विसरलेला माणूसच दुसऱ्याशी इतका कठोर होतो.

तेव्हा बायांनो, पुढच्या वेळी घरात निवाडा करायची पाळी आली की आधी दोन्ही बाजू ऐका. आपला लाडका कोण ते क्षणभर बाजूला ठेवा. मुलगी दिवेलागणीला उशिरा आली म्हणून रागावताना मुलगा किती वाजता आला तेही घड्याळात पाहा. आणि चूक सिद्ध झालीच, तर बोला जरूर, पण चारचौघांत नको. बोलून झाल्यावर तिचं ताट नेहमीसारखंच वाढा.