पहिल्या निवडणुकीची पूर्वतयारी

मोठ्या कार्याचे नियोजन म्हणजे कामांची यादी करणे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः कोणते काम कशावर अवलंबून आहे हे आधी ओळखणे, हाच नियोजनाचा गाभा होय. भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. १९५१ च्या वसंत ऋतूतच मतदान व्हावे, अशी पंतप्रधान नेहरूंची इच्छा होती. सेन यांनी ही घाई मान्य केली नाही, आणि ते योग्यच झाले.

मतदार सुमारे १७ कोटी ६० लक्ष होते व त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. तेव्हा छापील नाव वाचून खूण करण्याची पद्धत निरुपयोगी ठरली. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह व प्रत्येक मतदान केंद्रात त्याची स्वतंत्र पेटी, असे ठरले. या एका निर्णयातून पुढील कितीतरी हिशेब उद्भवले: सुमारे २० लक्ष पोलादी पेट्या, त्यांसाठी ८,२०० टन पोलाद, शिवाय त्या खेडोपाडी पोहोचविण्याची व्यवस्था. मात्र त्याच निर्णयाने एक अडचण दूरही केली. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसल्यामुळे नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधील छपाईला उमेदवारी अर्जांची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

हवामानाशी तडजोड संभवत नव्हती. हिमाचल प्रदेशातील चिनी व पांगी या भागांत हिवाळ्यात वाटा बर्फाखाली जातात. म्हणून तेथे ऑक्टोबर १९५१ मध्येच मतदान घेण्यात आले. उर्वरित देशातील बहुतेक मतदान पुढील वर्षाच्या आरंभी झाले.

मतदारयाद्या टंकलिखित करून जुळविण्यासाठी १६,५०० कारकून सहा महिन्यांकरिता नेमण्यात आले. मनुष्यबळाचा अंदाज बांधता आला, रूढीचा बांधता आला नाही. उत्तर भारतातील असंख्य स्त्रियांनी परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या एवढीच नोंद झाली. अशी नोंद ग्राह्य धरावयाची नाही, असा सेन यांचा निर्णय होता. तो कठोर होता, पण स्वतःच्या नावाविना मतदार ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. बिहारमध्ये दुरुस्तीसाठी एक महिन्याची मुदत वाढवून देण्यात आली व तिचा चांगला उपयोग झाला. तरीही देशभरातील सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे वगळावी लागली, आणि त्या निवडणुकीत त्यांना मत देता आले नाही.